दिवाणाखालची बार्शी लाइट

रविवारी सकाळी नाश्ता आटोपला, जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं, की आमच्याकडे दिवाणाखालून आठ पेट्या बाहेर निघतात. पंधरा-वीस मिनिटांत त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि टेबलावर साडेचार फुटांची रेल्वे उभी राहते. दुपारी ताटं मांडायच्या आत ती पुन्हा दिवाणाखाली गेलेली असते. दोन खोल्यांच्या घरात मॉडेल रेल्वे करायची तर ती अशी पेट्या-पेट्यांचीच करावी, असं माझं ठाम मत आहे. ते कसं करायचं, ते इथे सांगतो.

हे मत अनुभवातून बनलं आहे. माझी पहिली रेल्वे सहा बाय चार फुटांच्या एका अखंड प्लायवूडवर होती. गणपतीत हॉल मोकळा करायचा म्हणून तो फळा भिंतीला उभा टेकवला आणि बोगद्याचा अर्धा डोंगर निखळून आला. पुढे घर बदललं, तेव्हा फळा लिफ्टमध्ये जाईना. जिन्याच्या वळणावर तो फिरेना. शेवटी रूळ उचकटून करवतीने त्याचे दोन तुकडे केले. त्या दिवशी एक गोष्ट नीट उमगली. आपल्या घरांत जागा असते, पण ती एकाच कामाला कायमची देता येत नाही. सकाळी जे नाश्त्याचं टेबल असतं तेच दुपारी अभ्यासाचं, रात्री जेवणाचं. तेव्हा रेल्वेही उठून जाणारी हवी.

पेट्यांची कल्पना जगभर रुळलेली आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात ‘एन-ट्रॅक’ नावाची पद्धत निघाली. तिची पेटी चार फूट लांब, म्हणजे गाडी आणि टेम्पो असलेल्या माणसाची. आपल्या कामाची तिची धाकटी बहीण, ‘टी-ट्रॅक’. जपानमधल्या लहान घरांतल्या हौशी मंडळींच्या पेट्या पाहून ली मोनॅको-फिट्झजेराल्ड या बाईंनी २०००च्या सुमारास तिचं माप बसवलं. ‘टी’ म्हणजे टेबल. पेटी कुठल्याही साध्या टेबलावर ठेवायची, खाली वेगळा सांगाडा लागत नाही.

या पद्धतीची मापं एका चिठ्ठीवर मावतात. सरळ पेटी ३०८ मि.मी. लांब आणि निदान २१० मि.मी. खोल. उंची किमान ७० मि.मी. तिच्यावर काटो या जपानी कंपनीचे युनिट्रॅक रूळ: एक २४८ मि.मी.चा, एक ६२चा, मिळून ३१०. म्हणजे रूळ पेटीच्या दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटर बाहेर डोकावतो. हे दोन मिलिमीटर फार शहाणपणाचे आहेत. सुताराची करवत थोडी इकडेतिकडे गेली, पावसाळ्यात प्लाय फुगला, तरी रुळाला रूळ भिडतो आणि फटी पेट्यांच्या अंगात राहतात. कोपऱ्याची पेटी ३६५ मि.मी. चौरस. पुढच्या कडेपासून रुळाच्या खडीचा काठ ३८ मि.मी.वर. दुहेरी मार्ग असेल तर दोन मार्गांत ३३ मि.मी. अंतर. एवढं पाळलं की उरलेल्या पेटीत डोंगर करा, बाजारपेठ करा, नदी करा, तुम्हाला विचारणारं कोणी नाही.

आता टेबलाचा हिशेब. चार कोपरे जोडले तर ७३० मि.मी.चा चौरस होतो. दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन सरळ पेट्या घातल्या की लांबी १,३५० मि.मी. झाली. पाच बाय तीन फुटांच्या टेबलावर हे सगळं बसतं आणि कडेला चहाचा कप ठेवायला जागाही उरते. टेबल याहून लहान असेल तर एकेक सरळ पेटी कमी करा. ७३० मि.मी. खोली हाताच्या टप्प्यात आहे हेही महत्त्वाचं, कारण पलीकडच्या बाजूला घसरलेला डबा उचलताना पोटाशी झाडं चिरडली जाऊ नयेत.

मात्र पेट्या करायला घेण्याआधी एक निर्णय पक्का हवा: कुठल्या मापाची रेल्वे? इथे बरेच जण चुकतात, म्हणून जरा थांबतो.

एचओ म्हणजे १:८७, रूळ १६.५ मि.मी. रुंदीचे. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मि.मी.चे. भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं मिळतात ती बहुतांशी एचओत. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे. तिथला देखावा एचओतलाच आहे, आणि काहीही विकत घेण्याआधी तो एकदा डोळे भरून पाहून या. पाहिल्यावर जागेचा प्रश्नही कळेल. आपला नेहमीचा २१.३ मीटरचा डबा एचओत २४ सें.मी.चा होतो. दहा डब्यांची गाडी अडीच मीटर. अशा डब्यांना डोळ्यांना बरं दिसेल असं वळण द्यायचं तर फेऱ्याची रुंदी मीटरभराच्या वर जाते. एनमध्ये तोच डबा १३ सें.मी. होतो, पण आपल्या मेनलाइनचा आवाका तिथेही पेलत नाही. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. एन मापातही तो ४० सें.मी. उंच आणि २ मीटर ६५ सें.मी. लांब भरतो. म्हणजे खरी गोष्ट कापून, आखडून घ्यावी लागते. बारा डब्यांची लोकल चार डब्यांवर आणायची, फलाट दोन पेट्यांत उरकायचा. पुष्कळ जण हे सुरेख करतात. मला मात्र ती कापाकापी सतत टोचत राहिली.

म्हणून मी उलटा विचार केला. मुळातच लहान असलेली रेल्वे निवडली तर?

आपल्याकडे अशी रेल्वे होती. बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली आणि १८९७मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाव असा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११मध्ये लातूरला, १९२७मध्ये मिरजेला. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मि.मी. आता हा आकडा ८७ने भागा. ८.७६ येतं. एनचे बाजारात मिळणारे ९ मि.मी.चे रूळ एचओ मापात अडीच फुटी रेल्वेला जवळजवळ तंतोतंत बसतात. ब्रॉडगेजच्या वाट्याला हे भाग्य नाही. १,६७६ मि.मी.चं आपलं ब्रॉडगेज एचओत १९.३ मि.मी. हवं, आणि मिळतात १६.५चे रूळ. थोडक्यात, टी-ट्रॅकच्याच पेट्या, काटोचेच रूळ, पण वर धावणारी गाडी आणि माणसं, झाडं, घरं १:८७ मापाची. याच हिशेबात विदर्भातली मूर्तिजापूर–यवतमाळची शकुंतलाही बसते, तिचंही गेज अडीच फुटी. माथेरानची गाडी दोन फुटी, तिला ९ मि.मी. रूळ थोडे रुंद पडतात, तरी पुष्कळ जण तेवढी सूट घेतात.

यात आणखी एक सुख आहे. इथे इंजिन आणि चार-पाच डबे हीच खरी गाडी शोभते. वळणं तीव्र असली तरी खोटी वाटत नाहीत, एक फलाट, एक गोदाम, एक पाण्याची टाकी एवढ्यात स्टेशन पुरं होतं. काही कापायला लागत नाही. अडचणही सांगून ठेवतो. बार्शीचं इंजिन दुकानात तयार मिळत नाही. एनच्या एखाद्या भरवशाच्या इंजिनाची चाकं-मोटर घ्यायची आणि वर स्वतः केलेलं किंवा थ्री-डी प्रिंट करून घेतलेलं शरीर बसवायचं. लीड्सच्या किट्सन कारखान्याने बार्शीसाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार, अशी रचना होती. हुबेहूब ते जमेल तेव्हा जमेल. सुरुवातीला साधं डिझेल चालवा, गाडी धावती ठेवा.

सुतारकामाबद्दल थोडक्यात. ६ मि.मी. प्लायचा माथा, ९ मि.मी.च्या बाजू. कापून घेताना सगळ्या सरळ पेट्यांचे माथे एकाच बैठकीत, यंत्राचं माप न हलवता कापून घ्या. एकेक करून कापलेल्या आठ पेट्यांची आठ मापं होतात. फेविकॉल आणि बारीक चुका, आणि प्रत्येक कोपऱ्यात गुण्या लावून बघणं. चारही कोपऱ्यांखाली वर-खाली होणारे स्क्रूचे पाय बसवा, कारण जेवणाचं कुठलंही टेबल सपाट नसतं. आणि मग, रूळ लावण्याआधी, पेटीला आतून-बाहेरून, वरून-खालून रंग द्या. मी पहिल्या दोन पेट्यांचा फक्त माथा रंगवला होता. जुलैत त्या खालच्या बाजूने ओल पिऊन मधोमध फुगल्या आणि गाडी तिथे डुलायला लागली. सहाही अंगांना रंग बसला की प्लाय शांत राहतो.

रूळ पेटीला खालून स्क्रूने किंवा वरून थोड्या सिलिकॉन सीलंटने धरा. कायमचा चिकटवू नका, तो कधीतरी काढावाच लागतो. युनिट्रॅकचे तुकडे टोकांच्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी, युनिजॉइनरनी, एकमेकांत बसतात, आणि हाच पेटी-पेटीतला सांधा. वेगळे क्लॅम्प लागत नाहीत. जोडताना पेट्या टेबलावर सपाट ठेवून समोरासमोर सरळ रेषेत सरकवायच्या, ‘कट’ असा आवाज येईपर्यंत. काढतानाही तशाच सरळ ओढायच्या. एक टोक उचलून वाकवून काढली की खुंटी तुटते. घरातल्या मुलांना हे पहिल्या दिवशी हात धरून दाखवा, पुढे ती मोठ्यांपेक्षा सफाईने करतात.

वीज म्हणजे फक्त १२ व्होल्ट डीसी. कंट्रोलर शॉर्टसर्किट झाल्यावर आपोआप बंद होणारा घ्या. इथे काटकसर नको, आणि घरगुती २३० व्होल्टची कुठलीही वायर पेट्यांच्या खालून नेऊ नका. आठ पेट्यांच्या फेऱ्याला एका ठिकाणी वीज दिली तरी चालते, पण समोरच्या बाजूला दुसरी जोडणी दिली तर दूरच्या वळणावर गाडी मंदावत नाही. काटोच्या तारा निळ्या आणि पांढऱ्या रंगात येतात. दुहेरी मार्ग केला असेल तर टी-ट्रॅकचा क्रम पुढून मागे निळी, पांढरी, पांढरी, निळी असा ठेवतात. मी बार्शीसारखा एकेरीच मार्ग केला आहे. पण त्याच्या आतली ३३ मि.मी.वरच्या दुसऱ्या मार्गाची जागा प्रत्येक पेटीत सपाट राखली आहे आणि तिथून बैलगाडीचा रस्ता नेला आहे. उद्या कोणा मित्राच्या दुहेरी पेट्यांना जोडायची वेळ आली, तर रस्ता उचलून रूळ टाकता येईल.

आता देखावा. या कामाचं खरं वेड इथे लागतं, आणि मराठी घरातल्या मुलाला हे निम्मं येतच असतं. दिवाळीत किल्ला केलेला हात असतो तो. गोणपाट मातीत बुडवून कडा कसा उभा करायचा, हळीव पेरून हिरवळ कशी आणायची, मावळ्यांपेक्षा झाड मोठं दिसेल हे कसं पाहायचं, हे कोणी पुस्तकातून शिकलेलं नसतं. फक्त इथे चिखल नको आणि जिवंत काही नको.

सोलापूर भागातली काळी माती मी खरीच वापरतो. ती आधी कढईत कोरडी भाजायची, मग वस्त्रगाळ करायची. त्यानंतर कागदावर पसरून तिच्यावरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं. पहिल्यांदा पाहाल तर थक्क व्हाल. चुंबकाला काळी मिशी फुटावी तसे बारीक कण चिकटतात, कारण आपल्या बेसॉल्टच्या मातीत लोहाचे चुंबकीय कण असतात. हे कण राहू दिले तर ते इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात आणि मोटर निकामी होते. चार-पाच वेळा फिरवा, मिशी उगवायची थांबली की माती तयार.

तिचा आणखी एक उपयोग आहे. एनच्या रुळाखालचे स्लीपर एकमेकांच्या फार जवळ असतात. मोठ्या मापाच्या गाडीखाली ते लगेच डोळ्यात भरतात आणि सगळी करामत उघडी पडते. म्हणून बारीक माती रुळांच्या मध्ये आणि बाजूला अशी भरायची की स्लीपर जेमतेम दिसावेत. रूळ बदलायच्या सांध्याच्या हलत्या भागापासून मात्र ती दूर ठेवा. फेविकॉलमध्ये तितकंच पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं, रात्रभर हात लावायचा नाही. लिक्विडचा थेंब घातला नाही तर पाण्याचे मणी होऊन मातीवरून घरंगळतात. सकाळी रुळाचा माथा पुसून घ्या. मातीत अर्धे बुडालेले हे रूळ जुन्या ब्रँच लाइनच्या रुळांसारखेच दिसतात.

बाकीचं सामान स्वयंपाकघरात मिळतं. चहाचा चोथा उन्हात वाळवून तव्यावर परतला की शेताच्या बांधावरचा पाचोळा होतो. परतायला विसरलात तर श्रावणात त्याला बुरशी येईल. घोसाळ्याची वाळलेली जाळी कातरून तारेच्या खोडावर चिकटवली आणि धुरकट हिरवा रंग दिला की बाभळ होते. बाभूळ विरळ ठेवा, आरपार आकाश दिसलं पाहिजे. पायपुसण्याच्या काथ्याचे सव्वादोन-अडीच सें.मी.चे तुकडे उभे रोवले की पुरुषभराहून उंच ज्वारी. इथे माप चुकवू नका. एचओतला साडेपाच फुटी माणूस जेमतेम १९ मि.मी.चा असतो. एका काडीवर माणसाच्या उंचीची खूण करून ती खिशात ठेवा आणि प्रत्येक झाड, दार, पायरी तिच्याशी लावून बघा. थर्माकोलची टेकडी करणार असाल तर स्प्रेचा रंग आणि वासाचा गोंद तिच्याजवळ आणू नका. थर्माकोल त्यात विरघळतो. फेविकॉल आणि पाण्यात मिसळणारे रंग चालतात.

माझी सगळ्यात लाडकी पेटी पंढरपूरची वाट दाखवते. ३०८ मि.मी.त एक उतार, दोन बाभळी, रुळाला लागून पायवाट, आणि तिच्यावर अकरा माणसं. पांढरे कपडे, दोघांच्या खांद्यावर पताका, एका बाईच्या डोक्यावर तुळस. तुळशीचं वृंदावन हिंगाच्या डबीच्या झाकणातून कापलेलं आहे, चार मिलिमीटरचं. पताकांना गेरूचा हात दिला, कारण बाजारातला भगवा रंग एवढ्या लहान कापडावर फार भडक दिसत होता. या एका पेटीला पाच महिने लागले. तोवर बाकी सात पेट्या नुसत्या रंगवलेल्या प्लायच्या होत्या, आणि गाडी त्यांच्यावरूनही दर रविवारी धावत होती.

हेच मी नव्याने सुरू करणाऱ्याला आग्रहाने सांगतो. सगळ्या पेट्या थोड्या-थोड्या करू नका. रूळ सगळ्यांवर टाका, गाडी चालती करा, आणि मग एकच पेटी घेऊन ती पूर्ण करा, शेवटच्या गवताच्या काडीपर्यंत. मोठ्या फळ्यावर हे शक्य नव्हतं, कारण तो कुठूनही अपुराच दिसायचा. पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसता येतं, आणि ती पुरी झाली की पुरी झाली. एखादी बिघडली तर तेवढीच पुन्हा करायची.

टेबलावर फेरा मांडायलाही जागा नसेल तर चार सरळ पेट्या ओळीने कपाटाच्या फळीवर ठेवा, सव्वा मीटरमध्ये काम होतं. इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांनी मांडलेला ‘इंगलनूक’ नावाचा शंटिंगचा खेळ तिथे बसवा. रूळ बदलायचे दोन सांधे, तीन सायडिंग. एकीत पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि पुढच्या शेपटीत इंजिन अधिक तीन वॅगन. आठ वॅगनांच्या आठ चिठ्ठ्या करून पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६,७२० क्रम होतात. माझे एक शेजारी निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी एक डाव लावतात आणि अजून कंटाळलेले नाहीत.

राखण्याबद्दल. बाल्कनीत रेल्वे ठेवू नका, ऊन आणि पागोळ्या दोन्ही तिला मानवत नाहीत. पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवली तर सकाळी रुळावर धूळ असते. रुळाचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर कधीही घासू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी बसतो. पावसाळ्यात निदान आठवड्यातून एकदा गाडी फिरवा, इंजिनं सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

दिवाणाखाली ठेवताना दोन सरळ पेट्या समोरासमोर, देखावा आत, अशा धरून दोन्ही टोकांना प्लायची एकेक पट्टी स्क्रूने आवळायची. मधे सर्वात उंच झाडाच्या वर दोन बोटं जागा ठेवायची. असा एक जोड एका हाताने उचलता येतो आणि गावाला नेताना एसटीत मांडीवरही बसतो. प्रत्येक पेटीच्या पोटावर पक्क्या शाईने तिचा क्रमांक, पुढची बाजू कोणती, निळी तार कुठल्या रुळाला, आणि कुठला रंग कुठे वापरला ते लिहून ठेवा. माझ्या पाचव्या पेटीच्या पोटावर सध्या एवढंच आहे: ‘कोपरा, डावा. निळी बाहेरच्या रुळाला. विहीर राहिली आहे.’